पॅकेज विचारता, मग पुढच्या शिक्षणाचे का विचारत नाही?

बारावीचा निकाल लागला की महागाव तालुक्यातील आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रश्न ऐकू येतात. पोराला किती टक्के पडले? आणि कॉम्प्युटरला नंबर लागतो का? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा दुसरा प्रश्न डी.एड.चा असायचा. त्याच्याही आधी पोलीस भरतीचा, एस.टी.त कंडक्टर होण्याचा. आता तो कॉम्प्युटरचा झाला याचा आनंदच आहे. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन सोंगणाऱ्या मायबापांची मुले-मुली हिंजवडीत आणि हैदराबादेत संगणकापुढे बसून पगार आणतात, घराला स्लॅब टाकतात, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा खर्च उचलतात. ही लहान गोष्ट नाही.

पण तिसरा एक प्रश्न आहे, तो कुणीच विचारत नाही. ज्या कॉलेजात मुलाला टाकायचे ठरले आहे, त्या कॉलेजातून पदवीनंतर एम.टेक.ला, एम.एस.ला, पीएच.डी.ला कोण गेले? कुठे गेले? प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला आपण पॅकेज विचारतो, वसतिगृह विचारतो, बसचे विचारतो. हे मात्र विचारत नाही. कारण पदवी म्हणजे शिक्षणाचा शेवट, असे आपण मनात धरून चाललेले असतो. ज्या महामानवाने एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बॅरिस्टर होऊनही वाचन थांबवले नाही, त्याची लेकरे म्हणवून घेणाऱ्या समाजाने बी.ई.लाच शिक्षणाचा शेवट मानावा, हे पटणारे आहे काय?

संगणकाच्या क्षेत्रात तर ते परवडणारेही नाही. इथे एक काम असते दुसऱ्याने ठरवून दिलेले कोडमध्ये उतरवण्याचे आणि दुसरे असते काय उतरवायचे हे ठरवण्याचे. रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र, आपल्या मुलांची शिष्यवृत्ती अडवणारे किंवा सोडणारे महाडीबीटी पोर्टल, कर्ज कुणाला द्यायचे हे सांगणारी बँकेची प्रणाली, नोकरीचे अर्ज चाळणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, या सगळ्यांच्या मागे कुणीतरी बसून नियम ठरवलेला असतो. चाळणीच्या वर कोण राहील आणि खाली कोण पडेल, हे ज्या खोलीत ठरते तिथे आपला माणूस आहे का? त्या खोलीत बी.ई.च्या एकट्या पदवीवर क्वचितच कुणी पोहोचतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हापासून तर पहिल्या पायरीची कोडलेखनाची कामे यंत्रच करू लागले आहे. आपली बहुसंख्य मुले नेमकी त्याच पायरीवर उभी आहेत.

डोकी कमी आहेत असे नाही. याच तालुक्यातील फुलसावंगीच्या एका तरुणाची गोष्ट सगळ्या देशाने वाचली. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगचे काम करणारा हा पोरगा. यूट्यूबवर पाहून पाहून त्याने हेलिकॉप्टर तयार केले, मारुती ८०० चे इंजिन बसवले. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पंखा तुटून डोक्याला लागला आणि तो गेला. अवघ्या चोविसाव्या वर्षी! वर्तमानपत्रांनी चार दिवस हळहळ व्यक्त केली. पण जे यंत्र तो अंगणात एकटा करत होता, त्यासाठी चाचणीची सुरक्षित जागा असते, विमानविद्या शिकवणारे विभाग असतात, हात धरून थांबवणारा प्राध्यापक असतो, हे त्याच्या वाट्याला कधी आलेच नाही. बुद्धीला संस्था मिळाली नाही की काय होते, याचे दुसरे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको.

म्हणून कॉलेज निवडणे ही बाब गांभीर्याने घेतली पाहिजे. आणि चार वर्षांनंतर कुठे जायचे आहे, हे आज डोळ्यांपुढे ठेवून निवडले पाहिजे.

बाबासाहेबांचे उदाहरण आपण भाषणात नेहमी देतो, पण त्यातील तपशील पाहत नाही. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली ते बी.ए. झाले ते इंग्रजी आणि फारसी हे विषय घेऊन. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर त्यांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला आणि सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्रही शिकून घेतले. म्हणजे पदवीच्या विषयाने त्यांना बांधून ठेवले नाही. पण पदवीच्या वाटेवर त्यांना दोन गोष्टी मिळाल्या होत्या. एक इंग्रजीची पक्की बैठक. दुसरी म्हणजे त्यांच्यासाठी शब्द टाकणारी माणसे. केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला म्हणून शिष्यवृत्ती मिळाली. पुढे कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनचे प्रा. फॉक्सवेल यांना बाबासाहेबांची शिफारस करणारे पत्र लिहिले आणि फॉक्सवेल यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला कळवले. शिफारसपत्र म्हणजे वशिला नव्हे. ज्याने तुमचे काम जवळून पाहिले आहे, त्याने दुसऱ्या विद्वानाला दिलेली ती ग्वाही असते. आज परदेशी विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पीएच.डी.साठी अर्ज करायचा तर अशी तीन पत्रे बहुतेक ठिकाणी लागतात. आपल्या मुलाला चौथ्या वर्षाच्या शेवटी नावाने ओळखणारे तीन प्राध्यापक त्या कॉलेजात असतील काय, हा प्रश्न प्रवेश घेतानाच मनात आला पाहिजे. तासिका तत्त्वावर नेमलेले, दर सहा महिन्यांनी बदलणारे शिक्षक पत्र लिहिणार कसे? त्यांचा दोष नाही, ते स्वतःच उद्याच्या चिंतेत असतात. पण नुकसान आपल्या पोराचे होते.

आता पैशाचे. आपल्याकडे लोक म्हणतात, परदेशातले शिक्षण हे श्रीमंतांचे काम. ते अर्धेच खरे आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी तिच्या ७५ जागा आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती त्याहून जुनी, १९५४-५५ ची. तिच्या १२५ जागा आहेत आणि त्यातील ११५ अनुसूचित जातींसाठी. पदवीला किमान ६० टक्के, वय ३५ च्या आत, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, अशा तिच्या अटी आहेत. शिक्षण शुल्क, राहण्याचा खर्च, विमानाचे भाडे सगळे त्यात येते. पण मेख पुढे आहे. राज्याची शिष्यवृत्ती मिळते ती क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मधील विद्यापीठात प्रवेश मिळाला तर. केंद्राची पहिल्या ५०० मध्ये. म्हणजे पैसा आहे, पण तो आपल्या घरी आणून ठेवलेला नाही. तो जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या दाराशी ठेवलेला आहे. तिथपर्यंत पोहोचण्याइतके गुण, तिथपर्यंत पोहोचवणारी शिफारस आणि तिथे चालणारी पदवी ज्याच्याकडे आहे त्यालाच तो उचलता येतो. पदवीचे कॉलेज चुकले तर शिष्यवृत्तीची जाहिरात आपण नुसती वाचत बसतो!

या योजना कोणी सुखासुखी चालू ठेवल्या आहेत, असेही समजू नये. राज्याच्या योजनेत गुण, उत्पन्न आणि शुल्काच्या मर्यादेवरून नवीन अटी आणल्या गेल्या, तेव्हा २०२४ मध्ये विद्यार्थ्यांना आवाज उठवावा लागला. केंद्राच्या योजनेत जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी आधी फक्त ४० जणांना पत्रे दिली गेली, बाकीच्यांना निधीची वाट पाहायला सांगितले. बोंब झाली तेव्हा पुढची हालचाल झाली. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी तर संशोधक विद्यार्थी आझाद मैदानावर बसले होते. म्हणून प्रत्येक वर्षाची जाहिरात त्या त्या वर्षी मुळातून वाचायची. मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर जायचे नाही.

पदवी किती वर्षांची, हा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. जवळच्या गावात बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर मिळते, खर्च कमी, मुलगी संध्याकाळी घरी येते, म्हणून तिकडे प्रवेश घेतला जातो. घेण्याला हरकत नाही, पण पुढचा रस्ता माहीत असावा. तीन वर्षांच्या पदवीवर अमेरिकेतील बरीच विद्यापीठे थेट पदव्युत्तर प्रवेश देत नाहीत, त्यांना सोळा वर्षांचे शिक्षण हवे असते. इंग्लंडमध्ये तीन वर्षांची पदवी चालते. भारतातही तीन वर्षांनंतर एम.टेक.चे दार सरळ उघडत नाही. आधी एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. करायचे, मग गेट परीक्षा. एन.आय.टी.मधील एम.सी.ए.साठी निमसेट नावाची वेगळी परीक्षा आहे, ती आपल्याकडे किती मुलांना ठाऊक आहे? बी.एस्सी.ला गणित चांगले झाले असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची संगणकशास्त्राची एम.एस्सी. आहे. तिच्या प्रवेश परीक्षेत डोके पाहतात, कॉलेजचे नाव पाहत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात चौथे वर्ष जोडून ऑनर्सची सोय आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो आणि आपल्या मुलांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. तेव्हा बी.एस्सी.ला प्रवेश घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की इथे चौथे वर्ष आहे का? संशोधनासह आहे का? ‘पुढे बघू’ असे उत्तर मिळाले तर काय समजायचे ते समजा.

अभियांत्रिकीला जाणाऱ्यांचा गोंधळ वेगळा. आता कॉम्प्युटरच्याच पाच-सहा पाट्या झाल्या आहेत. कुठे कृत्रिम बुद्धिमत्ता, कुठे डेटा सायन्स, कुठे सायबर सिक्युरिटी. पाटीवर जाऊ नका, अभ्यासक्रम मागून घ्या आणि त्यात काही विषय आहेत का ते पाहा. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, रेषीय बीजगणित, संभाव्यता, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. यातले दोन-तीन गायब असतील आणि त्यांच्या जागी चार महिन्यांत जुनी होणारी सॉफ्टवेअर शिकवली जात असतील, तर ती पाटी नोकरीच्या बाजारासाठी रंगवलेली आहे. गेटच्या १०० गुणांच्या कॉम्प्युटरच्या पेपरात १५ गुण सामान्य कलचाचणीचे, १३ गणिताचे आणि उरलेले ७२ याच मूळ विषयांचे असतात. परदेशी विद्यापीठाची समिती गुणपत्रिकेत हेच विषय शोधते. थोडक्यात, गणितापासून पळणाऱ्याला संगणकाचे पदव्युत्तर शिक्षण जड जाते आणि आपल्या शाळांनी आपल्या मुलांना गणिताची भीतीच जास्त शिकवली आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलांचे पहिल्या वर्षाचे गणित सुटते. त्यांनी ते स्वतःहून भरून काढलेच पाहिजे.

कॉम्प्युटरलाच नंबर लागला पाहिजे, असा हट्टही नको. ‘परम’ महासंगणक १९९१ मध्ये ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला ते विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी, बडोद्याहून एम.ई., दिल्ली आय.आय.टी.तून १९७२ मध्ये पीएच.डी. त्यांच्या वैचारिक वळणाशी आमचे जमणारे नाही, ती गोष्ट वेगळी. पण त्यांनी धरलेला रस्ता पाहा. वऱ्हाडातले खेडे, चांगले सरकारी कॉलेज आणि त्यानंतर न थांबता संशोधन. चांगल्या संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल मिळत असेल आणि दुसरीकडे नुसत्या नावाचे कॉम्प्युटर मिळत असेल, तर माझे मत चांगल्या संस्थेच्या बाजूने आहे. गेटचा कॉम्प्युटरचा पेपर दुसऱ्या शाखेच्या मुलालाही देता येतो.

मग महागावच्या मुलाने कुठे पाहावे? पुसदला बाबासाहेब नाईक इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून आहे. यवतमाळला जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचे कॉलेज आहे, शिवाय आता शासकीयही झाले आहे. घराजवळ राहून शिकायचे तर ही दारे आहेत आणि त्यांनी या भागातील पहिल्या पिढीला इंजिनिअर केले, हे नाकारता येत नाही. पण सी.ई.टी.त गुण बरे असतील तर पर्याय भरताना नजर वर ठेवावी. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी, पैनगंगेपलीकडे नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंगजी, पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय. या स्वायत्त संस्थांत राज्यभरातील मुले एकाच यादीत येतात, अमरावती विद्यापीठाचा म्हणून वेगळे पान नसते. जेईई मेन दिली असेल तर नागपूरचे व्हीएनआयटी आहे. तिथे निम्म्या जागा महाराष्ट्रातील मुलांना असतात आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शिकवणी शुल्क माफ असते. आय.आय.टी.तही २०१६ पासून ते पूर्ण माफ आहे. म्हणजे पुष्कळदा लांबचे मोठे कॉलेज जवळच्या खासगी कॉलेजपेक्षा स्वस्त पडते! वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेतून मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. ते उशिरा मिळतात, हेही सांगून ठेवतो.

एक शंका पालक नेहमी काढतात. मोठ्या कॉलेजात जाऊन मागे पडण्यापेक्षा लहान कॉलेजात पहिला आलेला काय वाईट? शंका चुकीची नाही. मराठी माध्यमातून गेलेला मुलगा पहिल्या सत्रात इंग्रजीने गारद होतो, एक-दोन विषय राहतात आणि ते गुणपत्रिकेवर कायमचे दिसतात. तरीही मी मोठ्या कॉलेजच्याच बाजूने बोलेन. तिथे शेजारच्या खोलीतला मुलगा गेटची तयारी करतो, वरच्या वर्गातला जर्मनीचे पत्र दाखवतो, प्राध्यापकाचा शोधनिबंध छापून येतो. हे वातावरण पैसे मोजून विकत मिळत नाही. फक्त पहिले वर्ष जिवापाड सांभाळायचे.

मराठीतून इंजिनिअरिंगची सोय आता झाली आहे. एआयसीटीईने २०२१ मध्ये परवानगी दिली आणि पुण्याच्या पिंपरी चिंचवड कॉलेजने त्याच वर्षी कॉम्प्युटरचा मराठी वर्ग सुरू केला. विषय आपल्या भाषेत समजतो हे उत्तम. पण शोधनिबंध इंग्रजीत, गेट इंग्रजीत, शिफारसपत्र इंग्रजीत. आपल्याच मुलांनी मराठीत शिकावे आणि ज्यांची मुले कॉन्व्हेंटात गेली त्यांनी त्याचे कौतुक करावे, या डावाला आपण हुशारीने उत्तर दिले पाहिजे. समजून मराठीत घ्या, लिहा मात्र इंग्रजीत.

कॉलेज पुढच्या शिक्षणाला मुले पाठवते की नाही, हे तपासायचे कसे? टेबलावरचा माणूस खरे सांगेलच असे नाही. पण कागद खोटे बोलायला जरा घाबरतो. एन.आय.आर.एफ. ही केंद्र सरकारची क्रमवारी आहे. तिच्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला किती मुले पास झाली, किती नोकरीला लागली, पगाराचा मध्य किती आणि उच्च शिक्षणासाठी किती निवडली गेली, याचे आकडे द्यावे लागतात आणि ते संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. नॅकच्या अहवालातील पाचव्या निकषातही पुढे शिकायला गेलेल्यांची माहिती असते. मोबाइलवर दहा मिनिटांचे काम आहे. ज्या कॉलेजने शंभरातील दोनच मुले पुढे पाठवली त्याला विचारा, दोनच का? आणि जमले तर तिथे शिकत असलेल्या आपल्या एखाद्या मुलाला गाठून विचारा की किती शिक्षक कायम आहेत, किती पीएच.डी. आहेत, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मुले स्वतः करतात की पुण्यातून विकत आणतात. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तो विकतचा प्रकल्प ज्याने आणला त्याला शिफारसपत्रात कोण काय लिहिणार?

कागदपत्रांच्या बाबतीत आपण अजूनही ढिले आहोत. राज्यातील प्रवेशाला जातपडताळणी लागते. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो आणि राज्याचा दाखला तिथे चालत नाही. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून आहेत, पण दाखल्यावरील शब्द त्या नमुन्याप्रमाणे नसला तर ऐन वेळी मुलगा बाहेर राहतो. अकरावीतच तहसीलच्या चकरा सुरू करा. आणखी एक सापळा आहे. खासगी कॉलेजात कॅप फेरीतून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती, फ्रीशिप मिळते. तोच प्रवेश व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर मिळत नाही. शेवटच्या फेरीनंतर येणाऱ्या गोड फोनला भुलून घर गहाण टाकू नका.

शुल्काची तारीख तर जीव घेते. उत्तर प्रदेशातील अतुल कुमार या मजुराच्या मुलाला २०२४ मध्ये धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळाली. १७,५०० रुपये गोळा करता करता मुदत काही मिनिटांनी टळली आणि जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी घटनेच्या कलम १४२ चा अधिकार वापरून ती परत दिली. त्याआधी २०२१ मध्ये प्रिन्स जयबीर सिंग या मुलाचे मुंबई आय.आय.टी.चे पैसे तांत्रिक अडचणीने भरले गेले नाहीत, त्यालाही सर्वोच्च न्यायालयातच जावे लागले. महागावच्या प्रत्येक पोराला दिल्ली गाठणे जमणार आहे काय? गावात जयंतीची वर्गणी गोळा होते. त्यातून वीस-पंचवीस हजार रुपये जून-जुलैसाठी बाजूला ठेवले, शिष्यवृत्ती आली की परत घेतले, तर ही वेळ येणार नाही. डीजेचा एक तास कमी वाजेल एवढेच.

घरी कर्ज असताना पुढे शिका म्हणणे सोपे आहे, असे कुणी म्हणेल. त्याचे बरोबर आहे. ज्या घरात चार वर्षांपासून वाट पाहणे चालले आहे, तिथल्या मुलाने नोकरी नाकारावी असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण नोकरी घेतली म्हणून दार बंद होत नाही. गेटचा गुणांक तीन वर्षे चालतो. राज्याच्या आणि केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीला पदव्युत्तरसाठी पस्तिशीपर्यंत वेळ आहे. दोन वर्षे पगार घ्या, कर्ज फेडा, मग निघा. आणि देशात एम.टेक. केले तर गेटच्या आधारे महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, पीएच.डी.ला २०२३ पासून सुरुवातीलाच ३७ हजार. अमेरिकेत एम.एस. स्वखर्चाने असते, पण पीएच.डी.ला बहुधा विद्यापीठच शुल्क सोडते आणि पोटापुरते मानधन देते. चार वर्षांची पदवी आणि संशोधनाचा थोडा अनुभव असेल तर तिथे थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शुल्क नाममात्र आहे. मात्र वर्षभराचा खर्च, २०२४ च्या दराने ११,९०४ युरो, आधी बँकेत अडकवून दाखवावा लागतो. फुकट शिक्षणाच्या जाहिराती करणारे एजंट हे वाक्य हळूच गिळतात.

ज्या घराला बाहेर पाठवणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी आणखी एक दार उघडले आहे. मद्रास आय.आय.टी.ने २०२१ पासून डेटा सायन्सची बी.एस. पदवी ऑनलाइन सुरू केली. जेईई नाही. त्यांनीच चार आठवडे शिकवून घेतलेली पात्रता परीक्षा पास करायची. शिकायचे घरी, मोठ्या परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायच्या. चार वर्षे पूर्ण केली तर चार वर्षांची पदवी. अनुसूचित जातींना शुल्कात मोठी सवलत आहे. दुसरी पदवी चालू असतानाही ती करता येते. एनपीटीईएलवर आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केले की एक शिफारसपत्र जमा होते. लहान कॉलेजातल्या मुलाला तर ते सोन्यासारखे.

आत गेल्यावर काय, हेही बोलले पाहिजे. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात गेला. दर्शन सोळंकी १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईच्या आय.आय.टी.त गेला, प्रवेश घेऊन काही महिनेच झाले होते. म्हणून मोठ्या संस्थेत जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे त्यांना जे हवे तेच आपल्या हाताने करणे. पण एकटे पाठवू नका. मुंबई आय.आय.टी.त आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कल आहे, हैदराबादला आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन आहे. अनुसूचित जाती-जमाती कक्ष आहे का, त्याला नुसती खोली आहे की माणूसही आहे, हे प्रवेशाआधी तिथल्या मुलांना फोन करून विचारा. यवतमाळातूनच राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये एकलव्य ही संस्था सुरू केली. ते बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यातले, २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन शिकून आले. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना मोठ्या विद्यापीठांपर्यंत नेण्याचे काम ही संस्था करते. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी तिथे जाऊन चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

यंदा निकालानंतरच्या पहिल्या रविवारी महागावच्या विहारात एक काम करता येईल. पर्याय भरणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना बोलवावे. ज्या ज्या कॉलेजांची नावे यादीत आहेत त्यांचे एन.आय.आर.एफ.चे कागद झेरॉक्स करून आणावेत आणि ‘उच्च शिक्षणासाठी निवड’ या रकान्याखाली लाल पेनाने रेघ मारावी. मुलींच्या आईवडिलांना पुढे बसवावे, कारण पुसदच्या पुढे पाठवायचे नाही हे त्यांनी बहुधा ठरवूनच टाकलेले असते. तालुक्यातील जो कुणी एम.टेक. झाला असेल, गेट पास असेल, तो पुण्यात असला तरी त्याला फोनवर घ्यावे आणि स्पीकर लावावा. पर्याय भरण्याची मुदत तीन-चार दिवसांचीच असते, तेव्हा सोमवारपर्यंत थांबू नये.